पहिली बाटली थोरल्या लेकाची

आमच्याकडं आता वर्षश्राद्धाला नुसतं जेवण घालून भागत नाही. सकाळी कीर्तन, बाराला फोटोवर फुलं, मग महाप्रसाद, आणि या सगळ्याच्या शेजारी रक्तदान शिबिर. बारामती तालुक्यात ही पद्धत इतकी रुळली आहे की शिबिर नसेल तर लोक विचारतात, काय हो, भावाभावांत वाजलंय का. फ्लेक्सवर गेलेल्या माणसाचा हसरा फोटो आणि त्याखाली 'प्रत्येक रक्तदात्यास पाण्याचा जार भेट'. कुणी न ठरवता आणखी एक रीत पडून गेली आहे. पहिली बाटली थोरल्या लेकाची. खरं तर आता प्लॅस्टिकची पिशवी असते, पण लोक बाटलीच म्हणतात. थोरला खाटेवर आडवा होतो, सुई टोचतात, फोटो निघतो, आणि मग बाकीची रांग सरकायला लागते.

आमच्या आण्णांचा थोरला लेक मी. माझी बाटली रक्तपेढीवाल्यांनी घेतली नाही. त्याला आता बरेच महिने झाले, पण माझा राग काही उतरत नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. तेव्हा मध्येच आवाज चढला तर समजून घ्या.

आधी मी कोण ते सांगतो. कऱ्हाटीच्या बाजूला आमची वस्ती. आजोबांपर्यंत मेंढरं होती. आण्णांनी ती विकली, विहीर खोदली आणि शेतकरी झाले. आता शेती धाकटा भाऊ बघतो. माझं बारामतीत ठिबकच्या सामानाचं दुकान आहे आणि तिथंच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी एका माणसाबरोबर राहतो. तो इंदापूरचा, मुसलमान घरातला, चष्म्याचं दुकान चालवतो. आम्ही नवरा-बायकोसारखे राहतो. 'सारखे' म्हणायचं एवढ्याचसाठी की कागदावर आम्ही एकमेकांचे कुणी नाही. इमारतीतले लोक समजतात आमचा धंदा भागीत आहे, आम्ही समजू देतो. आईनं कधी काही विचारलं नाही. ती गावाकडून डबा पाठवते तो दोघांपुरता असतो आणि त्यात त्याला आवडतो तो ठेचा वेगळा बांधलेला असतो.

आण्णांना शेवटची दोन वर्षं रक्त चढवावं लागायचं. अंगात रक्त तयारच होईना झालं होतं. महिना-दीड महिना गेला की चेहरा पिठासारखा पांढरा पडायचा, अंगणात फिरून आले तरी धाप लागायची. मग बारामतीला आणायचं, दवाखान्यात दाखल करायचं आणि रक्तपेढीत जाऊन उभं राहायचं. गट बी निगेटिव्ह, तो पटकन मिळत नाही. शिवाय रक्त न्या तर बदल्यात कुणाचं तरी द्या, असं रक्तपेढीचं म्हणणं. पहिल्या वेळी गावातली पोरं जीप भरून आली. दुसऱ्या वेळी निम्मी आली. पुढं फोन लावला की कुणाची ऊसतोड चालू, कुणाकडं पाव्हणे आलेले. माणूस एकदा मरायला टेकला तर सगळे धावतात, दर महिन्याला टेकायला लागला तर कंटाळतात. मी कंटाळलेल्यांना दोष देत नाही, मीसुद्धा कधीकधी कंटाळायचो.

माझ्या घरातल्या त्या इंदापूरच्या माणसाचा गटही बी निगेटिव्ह निघाला. तीन महिन्यांतून एकदाच देता येतं, ते तो न चुकता द्यायचा. चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून यायचा. रक्तपेढीतला माणूस विचारायचा, कावीळ झाली होती का, काल दारू घेतली होती का, टॅटू काढलाय का, आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांपुढं स्वतःच 'नाही'वर टिक करून टाकायचा. आम्हाला वाटायचं प्रश्न तेवढेच असतात. प्रत्येक पिशवी तपासली गेली, प्रत्येक वेळी चांगली निघाली आणि आण्णांना चढली. आण्णा त्याला म्हणायचे, "इंदापूरकर, तुमचं रगत चढलं की मला मटान खावं वाटतं." आई लगेच म्हणायची, "त्येच्या आधी तुमी काय माळकरी व्हता व्हय?" तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी खरंच मटणाचा डबा घेऊन दवाखान्यात हजर व्हायचा.

तरीही आण्णा गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं धाकट्यानं शिबिराचं नक्की केलं. मीही खूश होतो. आपल्या बापाला दोन वर्षं लोकांच्या रक्तानं जगवलं, आता आपण थोडं परत देऊ, यात वाईट काय. आणि नेमकी त्याच दिवसांत मोबाइलवर एक बातमी वाचली. रक्तदानाच्या कुठल्याशा नियमाविरुद्ध लोक कोर्टात गेलेत. कुठला नियम म्हणून खाली वाचत गेलो. तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि धंदा करणाऱ्या बायका, अशी सगळ्यांची एक मोट बांधलेली, आणि त्यांनी रक्त द्यायचं नाही. सहा महिने नाही, वर्षभर नाही, कधीच नाही. तुम्ही कुणाबरोबर राहता, किती वर्षं, किती जपून, ही चौकशीच नाही. आमच्या गावात असे बहाद्दर आहेत की ज्यांची लफडी वस्तीवरच्या कोंबड्यांनाही पाठ आहेत. ते दर शिबिरात आडवे होतात आणि जार घेऊन घरी जातात. घरी बसून एकाच माणसाबरोबर पिठलं-भाकरी खाणारा मी मात्र धोक्याचा.

मी त्याला हे वाचून दाखवलं. तो दुकानातल्या फ्रेमी पुसत होता. बराच वेळ एकच फ्रेम पुसत राहिला. मग म्हणाला, "तू नाही म्हण, आडवा हो, जार घे अन् घरी ये. सगळेच नाही म्हणतात. तुझ्या बापाचं वर्षश्राद्ध आहे, तिथं भांडण नको." मी बरं म्हणालो. तेव्हा माझा तसाच विचार होता.

त्या दिवशी देवळाच्या मंडपात कीर्तनाची तयारी चालली होती आणि शेजारच्या शाळेच्या खोलीत शिबिर. मंडळाच्या पोरांनी आधीच सगळे कागद भरून ठेवले होते. सगळ्या प्रश्नांना वरपासून खालपर्यंत 'नाही', फक्त नाव आणि सही बाकी. पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं, रांग लवकर सरकावी एवढाच हेतू. सगळीकडं असंच चालतं. पण त्या दिवशी रक्तपेढीच्या गाडीतून एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या होत्या, बहुतेक नव्या. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात साडीचा पडदा बांधून घेतला, मला समोर खुर्चीवर बसवलं, पोरांनी भरलेला कागद बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न विचारायला लागल्या. मला त्यांचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो. आजवर मला कुणी असं नीट विचारलं नव्हतं.

मग तो प्रश्न आला. पुरुषांशी शारीरिक संबंध आहेत का. त्यांनी तो कागदाकडं बघतच विचारला.

पडद्यापलीकडं धाकटा कुणाला तरी सांगत होता, दादा आला की आण्णांचा फोटो मागं दिसला पाहिजे असा कॅमेरा धर. मी तोंड उघडलं ते 'नाही' म्हणायलाच. हा शब्द मी जन्मभर म्हणत आलोय. लग्न जमलं का, पोरगी बघितली का, कुणी आवडतं का, सगळ्याला नाही. त्या दिवशी मला त्याचा वीट आला. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. बापाच्या नावानं पहिल्यांदा काही देत होतो आणि ते खोटं बोलून द्यायचं म्हणजे फार झालं, एवढंच.

"हो," मी म्हणालो. "एकाच माणसाशी. आम्ही कितीतरी वर्षं एकत्र राहतोय. दोघांच्या तपासण्या झाल्यात. रिपोर्ट मोबाइलमध्ये आहेत, दाखवू का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, मग नाही घेता येणार."

"किती दिवस?"

"कायमचंच."

"पण तुम्ही रक्त तपासता ना?"

"प्रत्येकाचं तपासतो."

"मग माझंही तपासा. वाईट निघालं तर टाकून द्या."

"नियम आहे, सर. मी केलेला नाही." मग त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही आत्ता बोललात ते मी ऐकलंच नाही असं समजते. परत विचारते. तुम्ही नाही म्हणा."

इथं माझं टाळकं सटकलं. नियम माझं रक्त धोक्याचं म्हणतो. आणि नियम पाळायला बसलेली शिकलीसवरलेली डॉक्टर म्हणते, धोका-बिका काही नाही, फक्त तेवढं बोलू नका. मग माझ्या रक्ताचा धोका आहे का माझ्या बोलण्याचा? हे मी मनात नाही म्हणालो, त्यांच्या तोंडावर म्हणालो आणि जरा मोठ्यानंच म्हणालो. पडद्यापलीकडची कुजबुज थांबली. मॅडमचा चेहरा पडला. बिचारीनं मला मदतच करायला घेतली होती, पण असली मदत नको असते माणसाला. त्यांनी माझ्या नावापुढं काहीतरी लिहिलं आणि मी उठून बाहेर आलो.

बाहेर खाटेवर पांढरी चादर अंथरलेली. शेजारी खुर्चीवर आण्णांचा हार घातलेला फोटो. पन्नासएक माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. आत गेलेला थोरला बाही वर न करता परत आला म्हणजे त्याच्या रक्तात तसलं काहीतरी निघालं, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. धाकट्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला काय ते कळलं. त्याला माझं सगळं माहीत आहे, आम्ही फक्त बोलत नाही. त्यानं मला झाकायला म्हणून माइक उचलला. "आमच्या दादास्नी शुगर असल्यामुळं डॉक्टरांनी मनाई केलेली हाय. त्यांच्या वतीनं पहिला मान मी घेतोय." चपला काढून तो खाटेवर आडवा झाला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

मला शुगर नाही. पण माइकवरून सांगितलेलं आता कोण खोडणार? कीर्तन झालं, फुलं पडली, पंगत बसली. माझ्या पानात बुंदी पडायच्या आत आत्यानं वाढप्याचा हात धरला. "त्याला नगं, शुगर हाय." मी म्हटलं, आत्या, एवढीशी चालते. "गप बस. तुझा मामासासरा असाच एवढीशी एवढीशी करत गेला." मला कुठला मामासासरा, पण आत्या ऐकते का. एक तात्या मागनं येऊन कारल्याच्या रसाचं सांगून गेले, दुसऱ्यांनी मेथ्या भिजवायच्या कशा ते सांगितलं. सगळे इतक्या मायेनं बोलत होते की मला ओरडायचीही सोय नव्हती. बापाच्या वर्षश्राद्धाला मी खाली मान घालून बिनबुंदीचा जेवलो, आणि आतून नुसता धुमसत होतो.

तेवढ्यात तो आला. आदल्या दिवशी तो इंदापूरला आईकडं गेला होता, तिकडूनच गाडीवर आला होता. मी पंगतीत अडकलेलो, त्यामुळं त्याला काही सांगायला मिळालं नाही. तो आण्णांच्या फोटोला फूल वाहून सरळ शिबिराच्या खोलीत शिरला. पोरांनी त्याच्या हातात भरलेला कागद दिला आणि तो बाही दुमडून बाकावर बसला.

हात धुवायला शाळेमागच्या टाकीवर गेलो तर आई तिथं माझीच वाट बघत उभी होती.

"शुगर कवापास्नं हाय तुला?"

"न्हाय आई. शुगर न्हाय."

"मग रगत का घेतलं न्हाय?"

मी टाकीच्या नळाकडं बघत सांगितलं. "माझं अन् त्याचं जे हाय ते तुला म्हाइत हाय. मी ते डॉक्टरला खरं सांगितलं. आमच्यासारख्यांचं घेत न्हाईत."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्यापुढं पहिल्यांदा बोललो.

"आन् त्याचं?"

"त्याचं बी न्हाय."

"मग तुझ्या बापाला दोन वर्सं काय चढवलं?" असं म्हणून ती माझ्या उत्तराला थांबलीच नाही. पदर खोचला आणि तडक खोलीत गेली. मी मागं.

पडदा बाजूला करून ती डॉक्टर मॅडमपुढं उभी राहिली. आत धाकटा होता, मंडळाची चार पोरं होती, बाकावर तो होता. आईनं त्याच्याकडं बोट केलं नाही, नावही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "बाई, आमच्या मालकाला तुमच्याच पेढीतनं रगत मिळत व्हतं. माझ्या लेकासारख्याच एकानं दिल्यालं. ते चांगलं व्हतं का वाईट, तेवढं सांगा."

"तपासूनच देतात, आजी. चांगलंच असणार."

"मग आज काय झालं?"

मॅडम पुढ्यातले कागद सारखे करायला लागल्या. धाकटा पुढं आला, "आई, लोकं हायत."

"असू देत. दोन वर्सं कुठं व्हती लोकं?"

मग तो बाकावरून उठला. दुमडलेली बाही त्यानं खाली केली, बटण लावलं. हातातला भरलेला कागद मॅडमपुढं ठेवला आणि म्हणाला, "हे मी लिहिलेलं नाही. त्या प्रश्नाला माझंही हो आहे. आण्णांना देणारा मीच." त्याचं दुकान बारामतीच्या पेठेत आहे, आई आणि दोन भाऊ इंदापुरात आहेत, आणि खोलीतल्या पोरांच्या खिशात मोबाइल होते. मी त्या जागी असतो तर बोललो असतो की नाही, सांगता येत नाही. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस पोरा. चल, जेवून घे." आणि पंगतीत नेऊन तिनं त्याला स्वतः वाढलं, माझ्यासमोर, सगळ्या गावासमोर.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस आम्ही फोन वाजला की दचकायचो. दोन-तीन गिऱ्हाइकं त्याच्या दुकानासमोरून मान वळवून गेली, ती आधीही तशी जात होती का हे आठवेना. बाकी काही घडलं नाही. तो मात्र वेगळाच दिसत होता. आरशापुढं शीळ घालत दाढी करायचा. एकदा म्हणाला, "तुझी आई म्हणाली, बरं केलंस." थोड्या वेळानं तेच परत म्हणाला.

मग एका दुपारी त्याला रक्तपेढीतून फोन आला. तोच नेहमीचा माणूस. इंदापूरहून एक बाळंतीण आणलीय, रक्त थांबत नाही, बी निगेटिव्ह पाहिजे, तुम्ही ताबडतोब या. त्यानं सांगितलं, मी आता चालत नाही, तुमच्या मॅडमनी कायमचं बाद लिहिलंय. पलीकडून आवाज आला, "त्यांनी काय लिहिलं ते त्यांचं त्या बघतील. माझ्या यादीत तुमचं नाव आहे. प्रश्न मी विचारणार आहे ना, या तुम्ही." फोन स्पीकरवर होता, मी सगळं ऐकत होतो.

मी म्हणालो, जाऊ नकोस. त्यांना कळू दे एकदा. बोलल्या बोलल्या माझी मलाच लाज वाटली, कारण त्यात त्या बाईचा काय दोष होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, गाडीची किल्ली घेतली. मी त्याच्यामागं बसलो.

रक्तपेढीतल्या माणसानं नेहमीसारखंच विचारलं. कावीळ नाही ना, काल घेतली नाही ना, टॅटू नाही ना. मग या वेळी, बहुतेक मॅडमच्या भीतीनं, तोही प्रश्न विचारला. मान वर न करता, पेन तयार धरून.

"नाही," तो म्हणाला.

पिशवी भरली आणि कुणीतरी ती घेऊन पळत गेलं. बाई वाचल्याचं संध्याकाळी कळलं. तिचं बाळही बरं आहे म्हणे. आम्ही घरी आलो. त्यानं हातपाय धुतले, दंडावरची पट्टी काढून कचऱ्यात टाकली आणि गॅसवर चहा ठेवला. मला इतका संताप आला होता की शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या तेच सुचत नव्हतं. कप माझ्यापुढं सरकवून तो खुर्चीवर बसला.

"तुझ्या आईला सांगू नको," तो म्हणाला.